डोक्यासाठीच्या गोळ्या: आधी तपासणी, मग कमतरता, मग बाकीचं

दहावी, पीयूसी (अकरावी-बारावी), सीईटी, नीट यांचे दिवस जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या औषध दुकानांत एक मागणी हमखास येते: ‘पोरीला अभ्यासासाठी, डोकं चालायला काहीतरी द्या.’ दुकानदार एखादी बाटली काढून देतो. तिच्यात ब्राह्मी, शंखपुष्पी, बदाम, जीवनसत्त्वं असं सगळंच थोडं थोडं असतं. पोरीच्या अंगात मात्र मुळात रक्त कमी असतं, किंवा ती चहावर चहा घेऊन रात्री एकपर्यंत जागत असते. त्या बाटलीत या दोन्हींवर काहीच इलाज नसतो.

मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर गेल्या काही दशकांत बरेच प्रयोग झाले आहेत. ते वाचल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. शरीरात ज्याची कमतरता आहे ते भरून काढलं, की लक्ष, स्मरण आणि उत्साह यांत खरा फरक पडतो. कमतरता नसताना वरून घेतलेल्या गोळ्यांचा फायदा फार तर किरकोळ असतो, बऱ्याचदा शून्य. म्हणून हा लेख एका क्रमाने लिहिला आहे: आधी रक्त तपासा, मग कमतरता भरा, मग झोप आणि चहा-कॉफीचं गणित जमवा, आणि एवढं झाल्यावरच ब्राह्मी, जिमवाल्यांचं क्रिएटिन, माशाच्या तेलातलं ओमेगा-३ यांच्याकडे वळा. बहुतेकांचं काम दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच होऊन जातं.

रक्ततपासणी: चार गोष्टी पुरतात

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. त्याला अखंड ऑक्सिजन लागतो आणि तो पोचवायला लोह लागतं. शिवाय डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन घसरण्याआधीच, नुसता लोहाचा साठा आटला तरी लक्ष लागेनासं होऊ शकतं. मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायला बी-१२ लागतं. थायरॉइडचं काम आयोडिनवर चालतं, आणि थायरॉइड मंदावलं की विचारही मंदावतात.

म्हणून चार तपासण्या करा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). सकाळी गेलेलं बरं. जाण्याआधी तीन गोष्टी सांभाळा. एक, रक्त देण्याआधी कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी सुरू करू नका. चार दिवस बी-१२ घेऊन मग तपासलं तर आकडा भरपूर दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. दोन, केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसह अनेक तपासण्यांचे आकडे चुकवतं. ते निदान दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला तसं सांगा. तीन, ताप किंवा सर्दी-खोकला असताना फेरिटिन तपासू नका, कारण संसर्गात ते खोटं वाढतं.

आता रिपोर्ट वाचू. हिमोग्लोबिन बायकांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर ॲनिमिया. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींनाही १२ चीच रेघ लागू होते. फेरिटिन १५ च्या खाली गेलं तर साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सांगतो, पण ३० च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर ही रेघ ७० पर्यंत वर धरावी लागते. बी-१२ दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासलं की उलगडा होतो.

सीबीसीमधला एमसीव्ही हा आकडा सहसा कुणी समजावून सांगत नाही. तो म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० नेहमीचा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि एमसीव्ही ८० च्या खाली जातो. बी-१२ कमी असेल तर पेशी फुगतात आणि तो १०० च्या वर जातो. शाकाहारी घरातल्या बाईच्या अंगात दोन्ही एकदम कमी असू शकतात. मग लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी ८८ किंवा ९० येते आणि रिपोर्ट नॉर्मल भासतो. म्हणूनच नुसत्या सीबीसीवर भागत नाही. उलट एमसीव्ही बराच कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल तर तो थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सौम्य वारसा असू शकतो. अशा माणसाला लोहाच्या गोळ्या देण्यात अर्थ नाही, आधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

लोह: गोळी कधी आणि कशाबरोबर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक आढळल्या. निपाणीत विड्या वळणाऱ्या असोत, खानापूरच्या भातशेतात राबणाऱ्या असोत किंवा बेळगावच्या टिळकवाडीत अभ्यास करणाऱ्या कॉलेजच्या मुली, या आकड्याच्या बाहेर आपण कुणी नाही.

लोहाचा आणि डोक्याचा संबंध दाखवणारा एक जुना, चांगला प्रयोग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झाला. त्यातल्या किशोरवयीन मुलींचं हिमोग्लोबिन ठीक होतं, फक्त लोहाचा साठा कमी होता. आठ आठवडे लोह दिल्यावर शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्या औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांच्या पुढे गेल्या. अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी बाजारातल्या कुठल्याही मेमरी टॉनिकपेक्षा हा पुरावा जास्त वजनदार आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. सोबत वर्षातून दोनदा जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी. बरीच मुलं ती गोळी दप्तरात टाकतात किंवा खिडकीतून फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. ही गोळी कमतरता येऊ नये म्हणून असते. कमतरता आधीच असेल तर डॉक्टर उपचाराचा डोस वेगळा ठरवतात.

उपचाराची गोळी घेताना सगळ्यात मोठी चूक चहाची होते. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. सकाळच्या चहाबरोबर गोळी म्हणजे गोळी वाया. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळी आणि दूधही तेव्हा नको. लिंबू, आवळा किंवा पेरू सोबत असेल तर शोषण वाढतं. दुसरी गोष्ट, रोज दोनदा घेतली म्हणजे दुप्पट लोह मिळतं असं नाही. एक डोस घेतल्यावर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात रोज गोळी घेणाऱ्या बायकांनी सुमारे १६ टक्के लोह शोषलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांनी जवळपास २२ टक्के. पोटाचा त्रासही एक दिवसाआड घेतल्यास कमी होतो. ॲनिमिया सौम्य असेल तर डॉक्टरांना या पद्धतीबद्दल जरूर विचारा. बाळंतपणात आणि तीव्र ॲनिमियात मात्र ते सांगतील तसंच घ्या.

शौचाला काळं होणं हे नेहमीचं आहे, घाबरू नका. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर मात्र ते रक्त असू शकतं. साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवं. नाही चढलं तर चहा चालूच आहे का, पाळीत जास्त रक्त जातंय का, मूळव्याध आहे का, हे शोधा. आकडा नॉर्मल झाला की लोक गोळी सोडून देतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येतात. साठा भरायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात. आणि ही पाकिटं लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मूठभर लोहाच्या गोळ्यांनी लहान मूल दगावू शकतं.

जेवणातून लोह वाढवायचं तर हळीव, मेथी, राजगिरा, चवळी, मटकीची उसळ. उसळीवर लिंबू पिळा. पिळलेलं ते लिंबू चवीपुरतं वाटलं तरी लोहासाठी मोठं काम करतं.

बी-१२: माळकरी, जैन, लिंगायत, ब्राह्मण घरांनी खास लक्ष द्यावं

वनस्पतींमध्ये बी-१२ जवळपास नसतंच. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. १०० मिलिलिटर दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे फक्त दुधावर भागवायचं तर रोज अर्धा लिटर हवं. चहात पडणारं दूध यात धरू नका. पातळ ताकात पाणीच जास्त. एका अंड्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. सरकारी शाळांत दुपारी अंडं किंवा केळं असा पर्याय असतो. केळ्यात बी-१२ अजिबात नाही, हे केळं निवडणाऱ्या घरांनी लक्षात ठेवावं आणि ती उणीव दुसरीकडून भरावी. स्पिरुलिना, इडली-डोशाचं आंबलेलं पीठ, मोड आलेली कडधान्यं यांतून बी-१२ मिळतं असं सांगितलं जातं. त्यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनातला बराचसा भाग शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतो.

बी-१२ शोषून घेण्याची शरीराची रीत विचित्र आहे, आणि ती कळली की डोसाचं कोडं सुटतं. जठरातून येणाऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने एका वेळी जेमतेम दीड ते दोन मायक्रोग्रॅम आत जातं. त्यापलीकडचं फक्त सुमारे १ टक्का, आपसूक झिरपून. म्हणून १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून हाती लागतं सुमारे १० मायक्रोग्रॅम. गोळीवरचा मोठा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही आणि हुरळायचंही नाही. कमतरता असेल तर रोज १००० मायक्रोग्रॅम, दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी, आणि नंतर आठवड्यातून दोनदा एक गोळी एवढं बहुतेक शाकाहारी माणसांना पुरतं. मिथिलकोबालमिन घ्यावं की सायनोकोबालमिन, यावर दुकानात बराच खल चालतो. दोन्ही काम करतात, सायनो स्वस्त आणि टिकाऊ आहे. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, किंवा घरातलं वयस्क माणूस अचानक विसराळू झालं असेल तर गोळीवर थांबू नका. तिथे इंजेक्शन लागतं आणि ते डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेणारे यांचं बी-१२ मांसाहारी असूनही घटतं. त्यांनी वर्षातून एकदा तपासावं.

एक धोक्याची सूचना. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेतलं, तर रक्ताचा आकडा सुधारतो पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. दोन्ही सोबत तरी घ्या, नाहीतर बी-१२ आधी भरा.

वयस्कांसाठी एक उत्साहवर्धक अभ्यास ऑक्सफर्डमधून २०१० मध्ये आला. विसराळूपणा सुरू झालेल्या लोकांना दोन वर्षं फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ दिलं. मेंदू आक्रसण्याचा वेग वर्षाला १.०८ टक्क्यांवरून ०.७६ टक्क्यांवर आला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन जास्त होतं त्यांना सर्वाधिक फायदा झाला. होमोसिस्टीन आधीच कमी असलेल्यांना नाही. म्हणजे इथेही कमतरतेचंच सूत्र. या बातमीवरून बी-६ च्या मोठ्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नका, त्यांनी स्वतःच नसा बिघडतात.

आयोडिनचं काम सोपं आहे. आयोडिनयुक्त मीठ वापरा, बरणी घट्ट झाकणाची ठेवा आणि शेगडीच्या बाजूला ठेवू नका. मीठ शक्यतो भाजी उतरवताना घाला, कारण उष्णतेने आयोडिन उडतं. उपवासापुरतं सैंधव ठीक, पण आरोग्याला चांगलं म्हणून वर्षभर तेच वापरलं तर आयोडिन कमी पडतं. गरोदर बाईला याची गरज जास्त, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर घडतो. टीएसएच बिघडलेला असेल तर मात्र मिठाने तो सुधारायला बसू नका, उपचार घ्या.

चहा, कॉफी आणि झोप

कॅफिन हा खरोखर काम करणारा पदार्थ आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचत जातं आणि त्याने झोप येते. कॅफिन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे थकवा कळेनासा होतो. थकवा मात्र तिथेच असतो.

मोठ्या माणसाने एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं. गरोदरपणात दिवसाला २००. घरच्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५०, कडक फिल्टर कॉफीत ८० ते १००. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडच्या नियमाप्रमाणे लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ पर्यंत. ते लहान मुलांसाठी नाही असं त्याच डब्यावर छापलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पीयूसीच्या मुलाच्या हातात तो डबा देऊ नका.

कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला कॉफी घेतली तर एक वाजताही निम्मं कॅफिन अंगात असतं. झोप लागली तरी ती उथळ होते. आणि दिवसभरात वाचलेलं पक्कं होतं ते गाढ झोपेतच. म्हणून शेवटचा चहा दुपारी तीन-चारपर्यंत, आणि सात ते आठ तास झोप. एवढं पाळलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त गुण हाती लागतात.

चहात एल-थियानिन असतं. कॅफिनबरोबर ते घेतलं तर लक्ष थोडं जास्त स्थिर राहतं असं छोट्या प्रयोगांत दिसलं, पण त्यांत थियानिन १०० ते २०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे कपभर चहातल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यासाठी वेगळी गोळी विकत घेण्याइतका फायदा आम्हाला दिसत नाही.

निपाणी भागासाठी एक खास मुद्दा. तंबाखूची चिमूट तोंडात धरली की डोकं चालतं, असा अनुभव बरेच जण सांगतात. ती तरतरी खरी असते, पण बहुतांशी ती निकोटिन न मिळाल्याने आलेली अस्वस्थता मिटल्याची असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आणखी एक: धुरामुळे यकृत कॅफिन लवकर फोडतं. विडी सोडली की तेवढ्याच चहातून जास्त कॅफिन साचतं, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं विडी सोडल्यानेच हे झालं. सोडताना चहाही निम्मा करा.

ब्राह्मी: आधी झाड ओळखा

आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती ब्राह्मी म्हणून विकल्या जातात आणि प्रयोग मुख्यतः एकीवर झाले आहेत. मलप्रभेच्या काठाने, भाताच्या बांधावर, ओलाव्यात पसरणारी, लांब देठावर गोल मूत्रपिंडाच्या आकाराचं एकेक पान असणारी, पानाची कड करवतीसारखी, ती मंडूकपर्णी. कन्नड घरांत तिला ओंदेलगा म्हणतात आणि तिची चटणी, तंबळी करतात. दुसरी जलब्राह्मी म्हणजे बाकोपा. हिची पानं नखाएवढी, जाडसर, चमच्याच्या आकाराची, बिनदेठाची, खोडावर समोरासमोर जोडीने. फुलं पांढरट जांभळी. पान चावलं तर चांगलंच कडू लागतं. बाटलीवर नुसतं ब्राह्मी असेल तर पुरेसं नाही, बाकोपा मोनिएरी हे नाव शोधा. शंका असेल तर बेळगावात आयुर्वेद महाविद्यालयं आहेत आणि पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्थाही इथेच आहे. झाडांच्या जाणकाराला पान दाखवणं अवघड नाही.

बाकोपाच्या प्रमाणित अर्कावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने मूळ काम केलं. २००१ आणि २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगांत १२ आठवडे अर्क दिला, साधारण ३०० मिलिग्रॅम रोज. नवीन माहिती विसरण्याचा वेग कमी झाला. शिकण्याचा वेग दुसऱ्या प्रयोगात वाढला नाही. फरक दिसायला तीन महिने लागले. त्यामुळे परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सुरू करण्यात काही हशील नाही.

घेतलीच तर ३०० मिलिग्रॅम अर्क, बॅकोसाइड (बाकोपातला कामाचा घटक) किती टक्के ते छापलेला, जेवणाबरोबर, तूप-तेल असलेल्या जेवणात. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि पातळ शौच होतं, आणि बरेच लोक तिथेच सोडतात. दमा, फार मंद नाडी, थायरॉइडची गोळी किंवा विस्मृतीवरचं डोनेपेझिल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गटाराकाठची, डबक्यातली ब्राह्मी तर कुणीच खाऊ नये, ही झाडं मातीतले जड धातू ओढून घेतात. ओंदेलग्याची चटणी स्वच्छ जागच्या पानांची असेल तर खुशाल खा, चांगली भाजी आहे ती. ३०० मिलिग्रॅम अर्काची बरोबरी मात्र तिच्याकडून मागू नका.

बाकीचे पदार्थ, थोडक्यात

ओमेगा-३ च्या बाटलीवर समोर १००० मिलिग्रॅम छापलेलं असतं. ते माशाच्या तेलाचं वजन. बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा: ईपीए १८०, डीएचए १२०. ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं म्हणजेच कामाचा माल, एकूण ३०० मिलिग्रॅम. २०१० च्या एका प्रयोगात ५५ च्या पुढच्या, विसराळूपणाची कुरकुर असलेल्या लोकांना ९०० मिलिग्रॅम डीएचए सहा महिने दिल्यावर स्मरणात सुधारणा दिसली. या बाटलीतून तेवढं डीएचए मिळवायला रोज सात-आठ कॅप्सूल लागतील. २०१५ मध्ये आलेल्या, पाच वर्षं चाललेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात मात्र वयस्कांना काहीच फायदा झाला नाही. आमचा सल्ला असा की मासे खाणाऱ्यांनी गोवा-कारवारकडून येणारा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा खावी, कालवण करून. शाकाहारी माणसाने जवसाची चटणी खावी, पण जवसातल्या तेलाचं डीएचए फार थोडं बनतं हे जाणून. गरोदर शाकाहारी बाईने डॉक्टरांना शेवाळापासून काढलेल्या डीएचएबद्दल विचारावं.

क्रिएटिन जिममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. २००३ मध्ये सिडनीत शाकाहारी तरुणांना रोज ५ ग्रॅम सहा आठवडे दिलं तेव्हा स्मरण आणि कोडी सोडवण्यात मोठा फरक दिसला. २०२३ मध्ये १२३ लोकांवर तोच प्रयोग जास्त काटेकोर केला तेव्हा फरक जेमतेम उरला. घ्यायचंच तर साधं मोनोहायड्रेट, ३ ते ५ ग्रॅम, कोमट पाण्यात. रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, तेव्हा तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको.

अश्वगंधा ताण आणि झोपेसाठी काहींना उपयोगी पडते, स्मरणासाठी पुरावा कच्चा. थायरॉइड, यकृताचा आजार, गरोदरपण असेल तर टाळा. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद. गिंको झाडाच्या पानांचा अर्क तीन हजारांहून जास्त वयस्कांवर तपासला गेला. २००८ मध्ये निकाल आला, विस्मृती रोखता आली नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

लेबल वाचताना

पूरक आहार असेल तर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक हवा आणि तो खाद्यसुरक्षेच्या सरकारी ॲपवर तपासता येतो. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि तारीख. दोन्हींपैकी काहीच नसेल तर बाटली परत द्या. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम’ असं एकत्र वजन देऊन दहा नावं लिहिली असतील, तर कोणतं किती आहे हे कळायला मार्ग नाही. तेही परत. गावोगाव पुड्या बांधून देणारे, भस्म असलेली डोक्याची औषधं विकणारे यांच्यापासून मुलांना लांब ठेवा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं लहान मुलांची बुद्धी कायमची कमी करतं.

स्वतःवर तपासायचं तर

हे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी, आणि वरचं सगळं झाल्यावर. एका वेळी एकच पदार्थ. आधी वीस-वीस मराठी शब्दांच्या चाळीस-पंचेचाळीस याद्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, नेहमीचा चहा झाल्यावर एक यादी दोन मिनिटं वाचा, अर्ध्या तासाने आठवतील तेवढे शब्द लिहा. बाजूला आदल्या रात्रीची झोप लिहा. पहिल्या चार-पाच वेळा गुण नुसत्या सरावाने वाढतात, ते सोडून द्या. गुण स्थिरावले की मग गोळी सुरू करा. ब्राह्मीला १२ आठवडे, क्रिएटिनला सहा. नंतर चार आठवडे बंद करून मोजणं चालू ठेवा. बंद केल्यावरही गुण तेवढेच राहिले तर ते गोळीचे नव्हते. गुण तपासणाऱ्याला कोणत्या आठवड्यात काय चालू होतं ते सांगू नका.

मोडाफिनिलसारखी झोप उडवणारी औषधं मित्राकडून घेऊन अभ्यासाला वापरणारे विद्यार्थी आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीचीच औषधं आहेत. अंगावर गंभीर पुरळ येणं, रक्तदाब वाढणं, गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होणं असे त्यांचे धोके आहेत. पिरासिटाम, सिटिकोलिन या मेंदूच्या औषधांची बाटली शेजाऱ्याला दिली म्हणून आपल्या मुलाला देऊ नका.

घरातल्या वयस्क माणसाचा विसराळूपणा महिन्याभरात वाढला, किंवा दोन दिवसांत माणूस गोंधळला, वेळ-जागा कळेना, तर कोणतीही गोळी सुरू न करता जिल्हा रुग्णालय किंवा जवळच्या फिजिशियनकडे त्याच दिवशी न्या. सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग, डोक्याला लागून आत साचलेलं रक्त, ही सगळी अशीच दिसतात आणि वेळेत उपचार झाला तर बरी होतात. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, वैद्याच्या पुड्या आणि जिमचा डबा एका पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर एकेक काढून दाखवा.